जानोरी ते दिल्ली: हजार किलोमीटरला दोन तास का?

मावशीला दिल्लीच्या विमानाला सोडायला जानोरीला गेलो होतो. (लोक 'ओझर विमानतळ' म्हणतात, पण टर्मिनल आपल्या दिंडोरी तालुक्यात, जानोरीत आहे!) तिनं विचारलं, "विमान ताशी आठशेनं पळतं, मग दोन तास कसे रे?"

सरळ रेषेत दिल्ली साधारण १००० किमी. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि दिल्लीत जागेवर लागलं की संपते. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणं, चढण, मग बरीच आधी सुरू होणारी उतरण. पूर्ण वेग फक्त मधल्या टप्प्यात. दिल्लीवर गर्दी असली की घिरट्या वेगळ्याच.

वाराही मोजायचा. मुंबईहून लंडनला जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून परतीला सहसा कमी वेळ लागतो.

तुमच्या मार्गाचं गणित हवंय? बिनधास्त विचारा.