आवाज मोठा करून काय उपयोग?

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि महिन्याभरात आईने सकाळचा रेडिओ लावणं सोडलं. "शब्दच कळत नाहीत रे," म्हणायची. वय ८१. मी आवाज वाढवून दिला, तर आणखीच गोंधळ. वाड्यात हाच रेडिओ तिला स्वयंपाकघरातून नीट कळत असे. कानाचे डॉक्टर झाले, दुरुस्तीवाला झाला. दोघांनीही नवीन काही दोष नाही असंच सांगितलं.

एकदा सहज टाळी वाजवली आणि भिंतींमधून 'टर्रर्र' असा आवाज निघाला. आपणही आपल्या खोलीत वाजवून पाहा. आमच्याकडे खाली चकचकीत फरशी, समोर काचेची खिडकी, बाकी कोऱ्या भिंती. रेडिओतला एक शब्द थेट कानावर येई आणि पाठोपाठ त्याचे असंख्य पडसाद. ते विरायच्या आत पुढचा शब्द त्यांच्यात मिसळे. आवाज वाढवला की पडसादही तितकेच वाढतात! तरुण कान त्यातून शब्द वेचून घेतात. उतारवयात ते जड जातं. वाड्यात मातीच्या भिंती, लाकडी तक्तपोशी, गाद्यांची चळत. तिथे आवाज जिरत होता.

हेच कोडं १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाला पडलं होतं. फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं समजेना. तिथे शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. तेवढ्यात सावकाश बोलणाराही पुढची बारा-पंधरा अक्षरं बोलून जाई. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, ऑर्गनच्या नळीचा सूर वाजवला आणि तो विरायला लागणारा वेळ मोजला. गाद्या वाढल्या, वेळ घटला. सकाळी गाद्या पुन्हा जागेवर! या हमालीतून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ वाढलं की निनाद लांबतो, आवाज शोषणारे पृष्ठभाग वाढले की तो आखडतो.

मग मीही तेच केलं. फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड, चुण्यांचा पडदा. भिंतीवर गोधडी कुठे टांगायची? आईला खुर्चीत बसवलं आणि मुलीने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत नेला. आईला आरशात रेडिओ दिसला, ती जागा. आवाजही प्रकाशासारखाच उलटतो. गोधडी भिंतीला न चिकटवता चार बोटं पुढे टांगली. त्यामुळे थोडे खालचे सूरही जिरतात. अंड्यांचे ट्रे चिकटवा, असं सांगणारे भेटलेच. पातळ पुठ्ठ्याने फार तर वरचे सूर थोडे मंदावतात, खर्ज तसाच घुमत राहतो.

खर्जाचा त्रास वेगळाच. साठेक कंपनांच्या सुराची लाट जवळजवळ सहा मीटरची. तिला गोधडी काय करणार? पण कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राचा खर्ज फुगतो आणि शब्द झाकतो. म्हणून रेडिओ कोपऱ्यातून काढून आईच्या जवळ आणला. खरं तर निम्मं काम एवढ्यानेच झालं आणि त्याला पैसाही लागला नाही.

आता कळ वाड्यातल्याच खुणेवर असते. शेजारचा मिक्सर मात्र ऐकू येतोच. गोधडी खोलीतला आवाज जिरवते. भिंतीपलीकडचा अडवायला भिंतच जड लागते.