रक्ताचा नळ कोण बंद करतं?

मधल्या सुट्टीत मैदानावर रोज कुणी ना कुणी पडतंच. परवा तिसरीतला एक मुलगा गुडघा फोडून घेऊन आला. मी जखम धुतली, स्वच्छ कापड दाबून धरलं. पाच मिनिटांत रक्त थांबलं. मग रडणंही थांबलं आणि त्याने विचारलं, "बाई, नळ तर आपल्याला बंद करावा लागतो. रक्त आपलं आपण कसं थांबलं?"

मुलांनो, हे काम रक्तपट्टिकांचं. डॉक्टर त्यांना प्लेटलेट्स म्हणतात. डेंग्यूची साथ आली, की हा शब्द घरोघरी ऐकू येतो. एक मिलिमीटर लांब, रुंद आणि उंच अशा इवल्याशा डबीत मावेल एवढ्या रक्तात त्या १.५ ते ४.५ लाख असतात! हाडांच्या आतल्या मगजात त्या तयार होतात आणि जेमतेम ८ ते १० दिवस जगतात.

रक्तवाहिनी फाटली, की त्या तीन कामं करतात. आधी फाटलेल्या कडेला चिकटतात. मग एकमेकींचे हात धरून साखळी करतात. आणि आपल्या पोटातल्या चिमुकल्या पिशव्यांमधला मालमसाला बाहेर टाकून बांध पक्का करायला मदत करतात.

पण यातलं एखादं काम जमलंच नाही तर? अशी मुलं जगात आहेत. त्यांच्या नाकातून, हिरड्यांतून वरचेवर रक्त येतं आणि लवकर थांबत नाही. १९१८ साली स्वित्झर्लंडचे डॉक्टर ग्लान्झमान यांनी एका आजाराचं वर्णन केलं. त्यात पट्टिका भरपूर असतात, पण त्यांना एकमेकींचे हात धरता येत नाहीत. १९४८ मध्ये फ्रान्सच्या बर्नार आणि सूलिए यांनी दुसरा आजार सांगितला. त्यात पट्टिका आकाराने मोठ्या, पण कडेला नीट चिकटत नाहीत. १९७१ मध्ये तिसरा आजार कळला. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टिका राखाडी दिसत होत्या, कारण त्यांच्यातल्या एका प्रकारच्या पिशव्या जवळजवळ नव्हत्याच! पण असं का झालं, हे कोडं चाळीस वर्षं सुटलं नाही.

उत्तर होतं आपल्या जनुकांत. आपल्या पेशींत शरीर घडवण्याच्या सूचनांचा एक मोठा ग्रंथ असतो. त्याची लिपी फक्त चार अक्षरांची, आणि एकूण अक्षरं सुमारे ३०० कोटी! दर सेकंदाला एक अक्षर, तेही न झोपता वाचलं, तरी ९५ वर्षं लागतील. शुद्धलेखनात 'वही आण'च्या जागी कुणी 'दही आण' लिहिलं, तर काय होईल? एका अक्षराने सगळाच घोटाळा! जनुकातही तसंच होतं.

माणसाचा हा ग्रंथ वाचायचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पुढे यंत्रं इतकी वेगवान झाली, की एकेका रुग्णाचा ग्रंथ वाचता येऊ लागला. शास्त्रज्ञांनी युक्ती केली. राखाडी पट्टिकांचा आजार असलेल्या, पण एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या रुग्णांची जनुकं वाचली आणि सगळ्यांत बिघडलेलं एकच जनुक कोणतं, ते शोधलं. २०११ मध्ये तीन गटांनी एकाच वेळी तेच उत्तर जाहीर केलं. त्या जनुकाचं नाव एनबीईएएल-२.

पालकहो, नुसतं नाव कळून काय फायदा, असं तुम्ही विचाराल. फायदा मोठा आहे. कधी कधी शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून पट्टिका नष्ट करते. तिथे त्या यंत्रणेला आवर घालणारी औषधं देतात. पण जन्मतःच पट्टिका कमी असलेल्या काही रुग्णांनाही हाच आजार समजून तीच औषधं दिली गेली. काहींची तर प्लीहाही काढली गेली, आणि उपयोग झाला नाही. जनुक वाचलं, तर असा चुकीचा उपचार टळू शकतो. आरयूएनएक्स-१ या जनुकात दोष असेल, तर पुढे रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर अशा रुग्णावर आधीपासून लक्ष ठेवतात. मगज बदलायची वेळ आलीच, तर देणाऱ्या भावंडात तोच दोष नाही ना, हेही तपासतात.

अर्थात, ही जादूची कांडी नाही. आपल्या प्रत्येकाच्या ग्रंथात लाखो ठिकाणी वेगळेपण असतं आणि त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. खरा दोषी ओळखणं कठीण. काही कुटुंबांना अजून उत्तर मिळालेलं नाही. आणि दोष सापडला म्हणजे आजार बरा झाला, असंही नाही.

आणखी एक. वर सांगितलेल्या तिन्ही आजारांत सहसा आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत मुलाला मिळते. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात. त्यामुळे 'कुणाचं चुकलं' हा प्रश्नच नको.

मुलांनो, तुमच्या वर्गात अशी एखादी मैत्रीण असेल, तर तिला खेळातून वगळू नका. कोणता खेळ चालेल, ते तिलाच विचारा. नाकातून रक्त आलं, तर तिला बसवा, मान किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायला सांगा आणि लगेच बाईंना हाक मारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा मुलांनी अ‍ॅस्पिरिन मुळीच घेऊ नये, कारण ते पट्टिकांचं काम आणखी मंद करतं.

त्या तिसरीतल्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "अरे, तुझ्या गुडघ्यात आत्ता लाखो जणी हातात हात धरून उभ्या आहेत." त्याने गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग खपली नाही काढणार!"