डाग औषधाचा की चहाचा?

दाढ काढून घरी येताना औषधांच्या पिशवीत बऱ्याचदा एक गुलाबी बाटली असते. सकाळ-संध्याकाळ गुळण्या करायच्या. दहा-बारा दिवसांनी आरशात पाहावं, तर दातांच्या कडांवर तपकिरी झाक! औषध गुलाबी, मग डाग तपकिरी कसा?

बाटलीवर नाव असतं क्लोरहेक्सिडीन. त्याचा रेणू धनभारित. आपल्या दातांवर लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा असतो. दात कितीही घासा, काही मिनिटांत तो पुन्हा तयार होतो. त्याच्यावर ऋणभार. जिवाणूंच्या भिंतीवरही ऋणभारच. त्यामुळे हा रेणू जिवाणूंना तर धरतोच, शिवाय दातांना, हिरड्यांना बिलगून बसतो. चूळ थुंकून टाकली तरी तो तोंडात राहतो आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत पहारा देतो. बहुतेक माउथवॉशना हे जमत नाही.

या पहाऱ्याची ताकद १९७० साली दिसली. डेन्मार्कमधल्या ऑऱ्हूस इथे हाराल्ड लोए आणि शिऑट या संशोधकांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चक्क दात घासणं बंद करायला लावलं. दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलीलिटर गुळण्या, बस्स. तीन आठवडे ब्रश नाही, तरी दातांवर कीटण जवळजवळ साचलंच नाही! त्याआधी १९६५ मध्ये लोए यांनीच दाखवलं होतं, की घासणं थांबवलं तर दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजतातच.

आता डागाकडे. दाताला बिलगलेला हा रेणू चहा-कॉफीतली टॅनिनसारखी रंगद्रव्यंही तितक्याच घट्ट पकडतो. म्हणजे रंग चहाचा, चिकटवणारं औषध. ज्या पकडीमुळे ते गुणकारी, त्याच पकडीमुळे डाग. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. डाग दाताच्या वरच असतो, आत मुरत नाही. दंतवैद्य पॉलिश करून तो काढतात. शिवाय काही दिवस आमटी अळणी लागेल, कारण या औषधाने खारट चव मंदावते. औषध थांबलं की तीही परत येते.

म्हणूनच हे रोजच्या ताजेपणाचं पाणी नव्हे. शस्त्रक्रियेनंतर, हिरड्या सुजल्यावर, जबडा तारेने बांधलेला असताना, म्हणजे ब्रश नीट फिरत नाही तेव्हाचं ते औषध, तेही साधारण दोन आठवड्यांपुरतं. दाढ काढल्या दिवशी तर जोरात चूळ भरूच नका. जखमेतली रक्ताची गुठळी निघून येऊ शकते.

आणखी एक गंमत: टूथपेस्टला फेस आणणारा पदार्थ ऋणभारित असतो. घासल्या घासल्या गुळणी केली, तर तो या रेणूला तिथेच निष्प्रभ करतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. चहा आधी घ्या, गुळणी नंतर करा, आणि त्यावर लगेच पाण्याने चूळ भरू नका.

डाग दिसला तर मीठ, कोळसा किंवा मिश्रीने खरवडू नका. आणि बाटली संपली म्हणून दुसरी आणण्याआधी दंतवैद्यांना जरूर विचारा.