कोर्टातला लघुलेखक: उर्दू माध्यमाच्या मुला-मुलींसाठीही खुली असलेली वाट

साक्षीदार कोर्टात सांगतो, "मी पाहिलं." कागदावर चुकून "मी ऐकलं" असं उतरलं, तर? अपिलात वरचं न्यायालय साक्षीदाराचा चेहरा पाहत नाही, कागद वाचतं. म्हणूनच तो कागद तयार करणाऱ्या माणसाचं काम मोलाचं आहे.

परदेशात याला कोर्ट रिपोर्टर म्हणतात. आपल्याकडे हे काम लघुलेखक, म्हणजेच स्टेनो करतो. सेशन्स खटल्यातली साक्ष न्यायाधीश स्वतः लिहितात किंवा भर कोर्टात सांगून लिहून घेतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३११ मध्ये तशी तरतूद आहे. आदेश आणि निकालपत्रंही स्टेनोच उतरवून घेतो. ऐकलं तेच लिहायचं, मनाचा शब्द घालायचा नाही, ही या कामाची पहिली अट.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. त्याच महिन्यात राज्य सरकारने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना काढली. आपल्या जिल्ह्यात माणसं भिली, पावरी, अहिराणी, गुजराती, उर्दू बोलतात. पण कोर्टाच्या कामात पक्की मराठी लागतेच, इंग्रजीही लागते.

इथेच उर्दू माध्यमाची मुलं माघार घेतात. घाबरण्याचं कारण नाही. वकील, फिर्याद, दावा, जामीन, दस्तऐवज, मुद्देमाल, कबुली हे कोर्टातले रोजचे शब्द आपल्या घरातलेच आहेत. मेहनत घ्यायची ती मराठी शुद्धलेखनावर आणि वाक्यरचनेवर.

काय लागतं?

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी भरती काढली. लघुलेखक (श्रेणी ३), कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल मिळून ४,६२९ जागा होत्या. लघुलेखकासाठी मुख्य अटी अशा होत्या:

- कोणत्याही शाखेची पदवी
- लघुलेखन: मिनिटाला इंग्रजी १००, मराठी ८० शब्द
- टंकलेखन: मिनिटाला इंग्रजी ४०, मराठी ३० शब्द
- संगणकाचं प्रमाणपत्र

मूळ वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये होती, भत्ते वेगळे. पुढच्या भरतीत अटी बदलू शकतात, म्हणून जाहिरात उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरच वाचा. "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

तयारी कशी करायची?

बारावीनंतर पदवी सुरू असतानाच टायपिंगचा क्लास लावा, सोबत लघुलेखन शिका. या परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. लघुलेखन पाठांतराने येत नाही, रोजच्या सरावाने हात बसतो. वेग हळूहळूच वाढतो, तेव्हा दोन महिन्यांत जमलं नाही म्हणून सोडू नका.

यात घरच्यांनाही मदत करता येते. अब्बा, अम्मी किंवा आपा, कुणीही घड्याळ लावून मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवावं. मिनिटाला ८० म्हणजे पाच मिनिटांत ४०० शब्द. मग मुलाने किंवा मुलीने आपल्या खुणा वाचून मजकूर टाइप करायचा आणि मूळ बातमीशी ताडून चुका मोजायच्या. आधी चुका कमी करा, नंतर वेग वाढवा.

जाहिरात आल्यावर धावपळ नको. मागासवर्गात मोडत असाल, तर जातीचा दाखला आजच तपासून ठेवा.