पहिला सागरप्रवास आणि खर्चाची आखणी

भिलाईपासून समुद्र फार दूर आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारी कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ २०२१ मध्ये सुरू झाली. पण भिलाईकरांचा खर्च दुर्ग स्थानकापासूनच सुरू होतो. आगगाडीने मुंबई गाठण्यास सुमारे १८ ते २० तास लागतात. गाडी रखडली, तरी जहाज वाट पाहत नाही. म्हणून आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावे व त्या मुक्कामाची रक्कम आधीच बाजूला काढावी. ही उधळपट्टी नव्हे.

जहाजाच्या भाड्यात खोली व ठरावीक भोजन येते. शीतपेये, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे बहुधा निराळे पडतात. जहाजावर खरेदी कार्डावर होते आणि बिल शेवटी हाती येते. नोटा मोजून द्याव्या लागत नाहीत, त्यामुळे हात सैल सुटतो. रोजची मर्यादा ठरवून प्रत्येक खर्च वहीत टिपावा.

जहाज मुरगाव बंदरास लागते. जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्च तेथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. किनाऱ्यावर सहा तास मिळाले, तरी जाण्यायेण्यास दोन व परतीसाठी राखीव एक तास वजा करावा, उरतात तीनच. तेवढ्यात एकच स्थळ निवांत पाहता येते. जहाजामार्फत घेतलेली सहल महाग असते, मात्र तिला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.