शेतजमिनीचा वारसा : मृत्युपत्र की विश्वस्तव्यवस्था?

कर्त्या पुरुषाच्या पश्चात बांधावरचे भांडण कोर्टात जाते व वारसांचा पैसा तारखांपायी खर्ची पडतो. यास्तव जमिनीची व्यवस्था हयातीतच करून ठेवणे इष्ट होय. स्वकष्टार्जित जमीन व एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा यांपुरते मृत्युपत्र करता येते. त्यास दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्यावी. 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, हे विसरू नये.

विश्वस्तव्यवस्थेचे प्रयोजन निराळे. वारस अज्ञान असेल किंवा मतिमंद अपत्याच्या पोटापाण्याची चिंता असेल, तर विश्वस्ताने जमीन सांभाळून उत्पन्न त्याच्यासाठीच खर्चावे, अशी तजवीज 1882 च्या कायद्याने करता येते. हयातीत जमीन सोपवावयाची तर दस्त नोंदलेलाच हवा. विश्वस्त बिगरशेतकरी असल्यास कूळकायद्याची अडचण येऊ शकते. म्हणून आधी वकिलास विचारावे. वारस जाणते असतील तर दोन-तीन एकरांसाठी हा खटाटोप म्हणजे चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला!

व्यवस्था कोणतीही असो, मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीची वर्दी गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे द्यावी.