जुन्या शेगड्याला कोणता लेप द्यावा?

बालाघाट जिल्ह्यातील परसवाड्याचा मुलूख म्हणजे साग व साल यांच्या रानांचा प्रदेश. अशा मुलखात सुताराच्या घरी अडगळीत एखादा जुना शेगडा आढळावा, यात नवल नाही. कोणी त्याला बांक म्हणतात, कोणी व्हाइस. वडिलांनी ज्यात फळी आवळून रंधा मारला, तो गंजलेला शेगडा मुलाने पुन्हा कामास लावावयाचे ठरविले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो रंगाचा. घाईने डबाभर रंग आणून तो नखशिखांत फासणे, हीच येथे नेहमी होणारी चूक होय.

शेगड्याचे सर्व भाग एका जातीचे नव्हेत. ओतीव लोखंडाच्या अंगाला पावसाळी दमट हवा बाधते. मळसूत्र आणि सरकते दांडे सतत घासले जातात. लाकडी जबड्यांनी तर काम घट्ट पकडावयाचे असते. तेव्हा ज्याचे काम जसे, तसा त्याचा लेप.

अंगाला रंगच उत्तम. घासलेटाने मळी काढून तारेच्या ब्रशाने गंज घासावा, अंग कोरडे होताच लाल ऑक्साइडचा एक हात व त्यावर एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. जाड थर दिसावयास देखणा, पण हातोडीचा एक ठोका बसला की टवका उडालाच! शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ शेगड्यांचा निळा रंग कित्येकांच्या ओळखीचा असेल. तसाच हवा, असा हट्ट मात्र नको.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक ठरते. म्हणून तो रंग कोरडा घासू नये, जाळूही नये. ओला करून खरवडावा, खरवड कागदावर गोळा करावी, आणि मुलांना त्या वेळी अंगणातून दूर ठेवावे.

जवसाचे तेल आपल्या भागात परिचयाचे. उकळलेले तेल फडक्याने पातळ लावले, तर जुन्या लोखंडाचा काळसर रंग तसाच राहतो, व हे रूप मला स्वतःला अधिक रुचते. पण हा थर पातळ असल्याने दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा द्यावा लागतो. ज्याला तेवढी सवड नाही, त्याने रंगच द्यावा. तेलाचे फडके मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेते. उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

मळसूत्राला व दांड्यांना रंग मुळीच नको. हलके यंत्रतेल पुरे. चिकट ग्रीसवर भुसा बसून शेगडा जड फिरू लागतो. जबड्यांवर सागाच्या नव्या फळ्या बसवाव्यात व त्या कोऱ्याच राहू द्याव्यात. पॉलिश केले तर काम निसटते, आणि ओले तेल कामावर डाग पाडते.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरविला. परसवाड्यात तेव्हा कडक ऊन असते; रंगाचे हात वाळावयास ते उत्तम, आणि जूनच्या पावसाआधी शेगडा बाकावर बसविण्यास पुरेसे दिवसही हाती उरतात.